पेनड्राइव्ह 'प्लीज इन्सर्ट डिस्क' म्हणतोय, आत सीएनसीचे प्रोग्राम आहेत

अंबडवाला_टर्नर:
मंडळी, अंबड एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, दोन सीएनसी (कॉम्प्युटरने चालणारी, प्रोग्रामप्रमाणे धातू कापणारी मशीनं). काल सेकंड शिफ्टला ऑपरेटरने कॉपी चालू असतानाच १६ जीबीचा पेनड्राइव्ह ओढून काढला, आज लॅपटॉपला लावला तर ड्राइव्हचं अक्षर दिसतं पण क्लिक केलं की डिस्क घाला म्हणतो, डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'नो मीडिया'. एमजी रोडला एका दुकानात दाखवला, त्याने हातात पण नीट घेतला नाही, म्हणे फेका आणि नवीन घ्या. अहो पेनड्राइव्हसाठी कोण रडतंय, आत चाळीसेक जॉबचे प्रोग्राम आहेत!

गोदाकाठ:
फॉरमॅट, चेकडिस्क काही मारू नका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव काय येतंय ते सांगा.

अंबडवाला_टर्नर:
आधी कंपनीचं नाव यायचं, आता '२३०७ पीरॅम' येतंय. सिडकोतला मित्र म्हणतो खोलून चिपच्या दोन पिना टाचणीने शॉर्ट कर.

सोल्डर_काका:
टाचणी ठेवा बाजूला. पिना शॉर्ट करतात ते कंट्रोलरला (पेनड्राइव्ह चालवणारी चिप) फर्मवेअर, म्हणजे त्याचा स्वतःचा प्रोग्राम, वाचता येऊ नये आणि तो बूट मोडमध्ये जावा म्हणून, तुमचा तर आधीच गेलाय. '२३०७ पीरॅम' म्हणजे फायसनचा पीएस२२५१-०७ कंट्रोलर, त्याच्या पोटातल्या रॉममध्ये जेमतेम सुरू होण्यापुरता कोड असतो, खरं फर्मवेअर नँड चिपमध्येच (डेटा साठवणारी मेमरी चिप), तुमच्या फायलींच्या शेजारी. ते बिघडलं की गडी स्वतःचं नाव पण विसरतो.

दुरुस्ती होते. चिपजीनियस नावाच्या सॉफ्टवेअरने कंट्रोलर आणि फ्लॅश आयडी (नँड चिपचा ओळख क्रमांक) बघा (९८ ने सुरू झाला तर तोशिबा, ईसी म्हणजे सॅमसंग), मग त्या नँडला जुळणारी बर्नर (नँडवर लिहायला मदत करणारी छोटी फाइल) आणि फर्मवेअर फाइल घेऊन एमपीऑल, म्हणजे फायसनचे पेनड्राइव्ह नव्याने तयार करायचं टूल, चालवायचं. बर्नर चुकीचा असेल तर एरर देत बसतो. ही टूल्स कुठल्या कुठल्या साइटवरून उतरवावी लागतात म्हणून जुना लॅपटॉप घ्या, ज्यावर तुमचं बँकेचं काही नाही असा. पण हे केलं की डेटा गेला, कारण कुठला ब्लॉक कुठे आहे तो तक्ताच नवीन लिहिला जातो. प्रोग्राम हवे असतील तर डेटा रिकव्हरीवाल्याकडेच, तो नँड काढून वाचतो, आणि ते काम स्वस्त नाही.

सातपूर_शिफ्ट:
काका बरोबर, पण टर्नरभाऊ, पैसे घालवायच्या आधी मशीनच्या कंट्रोलची मेमरी बघितली का? पेनड्राइव्हवरून प्रोग्राम आत घेतला असेल तर कोणी डिलीट करेपर्यंत तिथेच असतो. ओ नंबरची (प्रोग्रामच्या नावाचा 'ओ'ने सुरू होणारा नंबर) लिस्ट काढा.

अंबडवाला_टर्नर:
सातपूरभाऊ, पाया पडतो तुमच्या! दोन्ही मशीन मिळून सदतीस निघाले, राहिलेले तीन जुन्या ड्रॉइंगवरून परत लिहिले, रविवार गेला त्यात. मग काकांनी सांगितलं तसं एमपीऑल चालवलं, पहिला बर्नर लागला नाही, दुसऱ्याने हिरवा पास. एच२टेस्ट या तपासणीच्या सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपासला, एरर नाही. तरी मशीनला तो लावणार नाही, ऑपरेटरला दिलाय टेम्पोत गाणी वाजवायला, तिथे ओढ म्हटलं कितीही.