शाकाहारी घरातील रोजच्या जेवणात वैविध्य कसे आणावे?

प्रश्न : पानवाढप

आमच्या घरी पाच माणसे असून सर्वजण शाकाहारी आहेत. महिनाभर केलेल्या भाज्यांची नोंद परवा सहज चाळली, तेव्हा फ्लॉवर, कोबी, बटाटा, भेंडी आणि वांगी यांच्यापलीकडे आमचा आठवडा जातच नाही, हे लक्षात आले. बदल हवा असला की पनीर आणले जाते आणि तेवढ्यावर समाधान मानले जाते. माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत व मुलगा दहावीत आहे, त्यामुळे चवीइतकाच पोषणाचाही विचार करावा लागतो. मी नोकरी करते आणि सायंकाळी सात वाजता घरी पोहोचते. सणावारी नव्हे, तर कामाच्या दिवशी जमेल असे वेगळेपण आपण आपापल्या घरी कसे साधता, ते कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर : कळणा

ताई, वैविध्य भाजीत शोधण्याआधी भाकरीत आणि कडधान्यात शोधावे, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे. भाजी बाजारावर अवलंबून असते, परंतु मूग, मटकी, चवळी, मसूर, वाल, हुलगे, हरभरे आणि पांढरे वाटाणे ही आठ कडधान्ये डब्यांत बाराही महिने ठेवता येतात आणि त्यांपैकी प्रत्येकाची चव स्वतंत्र असते. आम्ही मूळचे खान्देशातील. आमच्याकडे चार वाट्या ज्वारीला एक वाटी अख्खे उडीद आणि थोडे मीठ घालून कळणा दळून आणतात. त्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि कच्चे तेल एवढ्यावर रात्रीचे जेवण उत्तम होते. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते व उडदात ते भरपूर असते, त्यामुळे या भाकरीतील प्रथिने नुसत्या ज्वारीपेक्षा सरस ठरतात. आमच्या आजीला यातील शास्त्र ठाऊक नव्हते, तरी तिने हे दळण कधी चुकू दिले नाही.

वेळेचा प्रश्न मोड काढून ठेवल्याने बराचसा सुटतो. रविवारी सकाळी मूग व मटकी निरनिराळ्या भांड्यांत भिजवावी, सायंकाळी उपसून ओल्या फडक्यांत बांधावी आणि सोमवारी मोड आले की डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवावी. पुढे दोन-तीन दिवस उसळ वीस मिनिटांत होते. हुलग्याचे पीठ घरात असले तर त्याहूनही सोपे : लसणाची फोडणी, पाणी, आमसूल आणि पीठ एवढ्यात पिठले तयार होते. त्याच पिठाच्या हाताने वळून रश्शात शिजवलेल्या शेंगोळ्यांना मात्र वेळ लागतो, म्हणून ती सुट्टीच्या दिवशी करावीत.

चटण्यांना दुय्यम मानू नये. जवस, कारळे, तीळ आणि शेंगदाणे यांच्या कोरड्या चटण्या महिन्यातून एकदा थोड्या-थोड्या कुटून ठेवल्या, तर साध्या वरणभाताचे पानसुद्धा रोज निराळे होते.

उत्तर : पहिला पाऊस

वरील प्रतिसादातील कडधान्यांविषयीचे म्हणणे पटले, तरीही भाजीचा विचार इतक्या लवकर सोडू नये, असे वाटते. आम्ही ठाणे जिल्ह्यात राहतो. पावसाला सुरुवात होताच आदिवासी भगिनी टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी आणि पुढे करटोली घेऊन बाजारात बसतात. टाकळ्याची कोवळी पाने कांदा आणि ओल्या खोबऱ्यावर परतली की झाले. शेवळे या रानभाजीत मात्र काकडे ही रानफळे किंवा चिंच घालावीच लागते, अन्यथा घसा खाजतो, म्हणून पहिल्यांदा ती जाणत्या व्यक्तीकडून शिकून घ्यावीत. शहरातही चाकवत, अंबाडी, घोळ आणि शेपू मिळतात, फक्त आपण त्यांच्याजवळून पुढे निघून जातो. ऋषिपंचमीची आणि भोगीची भाजी वर्षातून एकेकदाच करावी असा काही नियम नाही. भोगीची मिसळीची भाजी हरभऱ्याचे सोलाणे आणि पावटे बाजारात असेपर्यंत आमच्याकडे दर आठवड्याला होते.

उत्तर : ताकभात

सासूबाईंचा उल्लेख आहे म्हणून पोषणाबद्दल थोडे लिहिते. वनस्पतिजन्य अन्नात ब-१२ जीवनसत्त्व भरवशाने मिळत नाही. आंबवलेल्या इडली-डोशातूनही ते पुरेसे मिळते असे गृहीत धरू नये. दूध, दही आणि ताक यांतून काही प्रमाणात मिळते, परंतु वयोमानानुसार त्याचे शोषण कमी होऊ शकते, तेव्हा डॉक्टरांना विचारून रक्ततपासणी करून घ्यावी. पालेभाज्या व कडधान्यांतील लोह अंगी लागावे म्हणून पानात लिंबाची फोड किंवा आवळ्याचे लोणचे असावे आणि चहा जेवणाला लागून घेऊ नये. नाचणीचाही आठवड्यात दोनदा समावेश करावा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते, जे गव्हाच्या कितीतरी पट आहे. भाकरी चावण्यास कठीण जात असेल, तर ताकातील आंबील वृद्ध माणसे आवडीने घेतात.

पानवाढप

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. येत्या रविवारपासून मोडांची सुरुवात करते आणि गिरणीत कळणाही देते. वालाच्या बिरड्याची मला फार ओढ आहे, कारण ते माझ्या माहेरी होत असे, पण सोलण्यात जाणाऱ्या वेळामुळे लग्नानंतर एकदाही केलेले नाही. त्यावर काही उपाय आहे का?

पहिला पाऊस

मोड आलेले वाल सोलण्याआधी दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवावेत, म्हणजे चिमटीत धरताच साल निसटते. आम्ही रात्री जेवणानंतर सगळेजण परातीभोवती बसतो आणि अर्धा किलो वाल अर्ध्या तासात सोलून होतात. मुलालाही सोबत बसवावे. डाळिंबी, म्हणजे हे सोललेले वाल, फ्रीझरमध्ये महिनाभर चांगली राहते, ती न वितळवता थेट फोडणीत घालावी आणि गूळ-आमसूल ती शिजल्यावरच घालावे.