मुलांच्या मोबाईलवरची गाणी

स्मिता: सलाम सगळ्यांना. आर्यन सातवीत गेला, दिवसभर स्पॉटिफाय चालू असतं. शिव्यांची गाणी कशी अडवायची? आमचा फॅमिली प्लॅन आहे.

सुहास मामा: प्लॅन ज्याच्या नावावर, त्यानेच करायचं. ब्राउझरमधून अकाउंटचं पान उघड, फॅमिलीत आर्यनचं नाव निवड आणि एक्सप्लिसिट कंटेंट (शिव्या-अश्लील शब्दांची गाणी) बंद कर. ती गाणी त्याच्याकडे करडी दिसतील, वाजणार नाहीत. त्याला ते परत चालू करता येत नाही. पण तो स्वतःच्या खात्यावर हवा. तुझ्या खात्यावर ऐकत असेल तर हे कुलूप लागतच नाही.

रूथ आत्या: कुलूप जरूर लावा, पण त्यावर विसंबू नका. गाण्यापुढचा ‘ई’, म्हणजे एक्सप्लिसिटची खूण, स्पॉटिफाय स्वतः ऐकून लावत नाही, गाणं देणारी कंपनी कळवते तेव्हा लागतो. कळवलं नाही तर गाणं मोकळं. दारूची फुशारकी, नकार दिलेल्या मुलीच्या मागे लागणं हे शिवीशिवाय गायलं की ‘ई’ येतच नाही. मुलांच्या मनात जास्त तेच मुरतं.

स्मिता: मग आत्या, फक्त भक्तिगीतंच लावू द्यायची का?

रूथ आत्या: नाही गं. सरसकट बंदी घातली की मूल हेडफोन लावून मित्राच्या फोनवर ऐकतं, आणि आपल्याशी बोलणं तेवढं थांबतं. त्याच्या आवडीचं एक गाणं घे. चाल बाजूला ठेवून नुसते शब्द त्यालाच मोठ्याने वाचायला लाव. ठेक्यात न जाणवलेलं तिथे कानाला टोचतं. मग बायबलमधलं फिलिप्पैकरांस 4:8 उघडा आणि विचार: यातलं सत्य काय, शुद्ध काय? हे गाणं कोणाला कमी लेखतं? उत्तर त्याचं त्याला देऊ दे, आपण लगेच निकाल देऊ नये. आठवड्याला एकच गाणं घ्या, जास्त घेतली की चौकशी वाटते. पहिली-दुसरीच्या मुलांना मात्र हे जमत नाही. त्यांची यादी आपणच करायची आणि आपोआप पुढचं गाणं लावणारा ऑटोप्ले बंद ठेवायचा.

विजय दादा: यूट्यूबचंही बघा. रिस्ट्रिक्टेड मोड (नको ते व्हिडिओ लपवणारी सोय) एका फोनवर लावला म्हणून टीव्हीवर लागत नाही, प्रत्येक ठिकाणी वेगळा लावावा लागतो. 13 वर्षांखालच्या मुलाला गुगलच्या फॅमिली लिंक अ‍ॅपमधून देखरेखीचं खातं काढून द्या. नको ते गाणं वाजून गेलं असेल तर हिस्टरीतून काढा, नाहीतर तसलीच पुढे येत राहतात.

रूथ आत्या: आणि ‘ख्रिस्ती’ लिहिलेलं प्रत्येक गाणं डोळे झाकून घेऊ नका. प्रभूच्या नावाने फक्त यश आणि पैसा मागणारी गाणीही भरपूर आहेत. त्यांनाही तीच कसोटी लावा.

सुहास मामा: घरच्या प्रार्थनेत मुलांना गायला द्या, नुसतं ऐकवू नका. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी अभंग-ओवीच्या वळणाची गीतं लिहिली ती आपल्या माणसांना गाता यावीत म्हणूनच. ‘उपासना संगीत’ हे आपलं गीतांचं पुस्तक घरात असतंच. महिनाभर एकच गीत धरा, रोज दोन कडवी. मुलं गात नाहीत याचं कारण बहुतेक वेळा पट्टी, म्हणजे सुराची उंची, असते. पप्पा पेटीवर काळी एक धरतात, त्यात मुलाचा आवाज एकतर खाली बुडतो नाहीतर वर फाटतो. काळी चार किंवा पाच धरून पाहा. ठेका आर्यनला द्या, कॅहोन (खोक्यासारखं तालवाद्य) असेल तर त्यावर, नाहीतर टेबलावर.

स्मिता: मामा, अकाउंटचं पान उघडलंय. फॅमिलीत आर्यनचं नावच नाही, त्याच्या फोनवरही माझंच खातं आहे.

सुहास मामा: म्हणजे तो तुझंच खातं वापरतोय. आधी त्याच्या ईमेलवर आमंत्रण पाठव.  तो आला की मग फिल्टर लाव.