'जिप्सी' (१९६२): १३७ मिनिटांची प्रत कापलेली आहे का?

पडदानशीन: फिल्म सोसायटीत मर्विन लरॉयचा 'जिप्सी' दाखवायचाय. मुलींना स्टेजवर ढकलणारी आई रोझ म्हणजे रोझलिंड रसेल, थोरली मुलगी लुईझ (पुढे जिप्सी रोझ ली) म्हणजे नताली वुड. हातातली प्रत १३७ मिनिटांची, सगळीकडे मात्र १४३ लिहिलंय. काय गेलंय? रसेल स्वतः गायली आहे का? आणि मध्यंतर कुठे द्यावं?

रीळवाला: काही गेलं नसावं. सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट २५ ने चालवला की १४३ ची १३७ होतात. युरोपातल्या जुन्या डीव्हीडी अशाच असतात. पण वेगाबरोबर सूरही अर्ध्या स्वराच्या आसपास चढतो, आणि संगीतिकेत ते खटकतं. साउंडट्रॅकच्या अल्बमशी एक गाणं ताडून बघा. सूर चढलेला असेल तर प्लेअरचा वेग ०.९६ करा आणि वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारा पर्याय बंद करा. तो चालू राहिला तर लांबी बरोबर येईल, सूर चढाच राहील.

चित्राची चौकटही तपासा. मूळ टेक्निरामा या रुंद पडद्याच्या पद्धतीतलं, रुंदी-उंचीचं प्रमाण २.३५:१. जुन्या टीव्हीसाठी ४:३ केलेल्या प्रतीत रुंदीचा ४० टक्क्यांहून जास्त भाग जातो. बर्लेस्कमधल्या (कपडे उतरवण्याच्या नाचांच्या खेळातल्या) तिघी लुईझला 'गिमिक', म्हणजे स्वतःची खास युक्ती, शिकवतात त्या गाण्यात हे लगेच कळतं.

कोरसमधली: रसेलचं बरंचसं गाणं गायिका लिसा कर्कच्या आवाजात आहे, श्रेयनामावलीत तिचं नाव नाही. 'मिस्टर गोल्डस्टोन' रसेलचं स्वतःचं. शेवटच्या 'रोझेस टर्न'मध्ये दोघींचे आवाज जोडलेत. कर्कने रसेलचा खर्जातला खरखरीतपणा इतका उचललाय की जोड सहज सापडत नाही. आपले कान पार्श्वगायनावरच पोसलेले, त्यामुळे हे आधीच सांगून टाका, नाहीतर चर्चा तिथेच अडकेल. नतालीची गाणी मुख्यतः तिच्याच आवाजात आहेत.

रीळवाला: कापलेलं एक गाणं आहेच, 'टुगेदर व्हेअरेव्हर वुई गो'. ते प्रदर्शनाआधीच काढलं, त्यामुळे १४३ मिनिटांतही नाही. डीव्हीडीच्या पुरवणीत मिळतं, पण चित्र खराब. ते नंतर वेगळं दाखवा.

नेपथ्यकार: मध्यंतर रेल्वे स्टेशनवर. धाकटी जून पळून गेल्याचं कळतं आणि रोझ लगेच लुईझकडे वळून 'एव्हरीथिंग्ज कमिंग अप रोझेस' गाते. चित्रपट ज्यावरून झाला त्या रंगमंचावरच्या संगीतिकेत (१९५९) पहिला अंक तिथेच संपतो. सुरुवातीची वाद्यरचना कापू नका. दिवे त्याआधीच मालवा, लोक तेवढ्यात गप्पा मारत बसतात.

चर्चेसाठी एक मुद्दा: खरी रोझ हॉविक १९५४ साली वारली आणि जिप्सी रोझ लीचं आत्मचरित्र १९५७ साली आलं. आईची बाजू मांडायला आई उरलीच नव्हती. धाकट्या जून हॅवॉकने १९५९ साली स्वतःच्या आठवणी वेगळ्या छापल्या. त्या शेजारी ठेवून वाचल्या तर चित्रपटातली रोझ बरीच मवाळ वाटते.

पडदानशीन: ताडून बघितलं, सूर चढलेलाच होता. ०.९६ ने जुळला.