शब्दचर्चा : 'दुय्यम इजा', 'शॅम' आणि चालू लागलेले उंदीर

नाशिकच्या इंदिरानगरहून, प्रश्न :

मी अनुवाद करते, वैद्यकीय शिक्षण नाही. पाठीला मार लागून कमरेखालचं अंग गेलेल्या पेशंटच्या घरच्यांसाठी आठ पानांची पुस्तिका मराठीत करायची आहे. या दुखापतीवरची औषधं आधी प्राण्यांवर कशी तपासतात आणि तिथे गुण आलेलं औषध माणसाला लगेच का मिळत नाही, एवढाच विषय. निमित्त असं, की अधूनमधून कोणीतरी मोबाईलवर बातमी दाखवतं, 'लकवा मारलेले उंदीर चालू लागले', आणि विचारतं, हे औषध आपल्याकडे मेन रोडला मिळेल का?

'स्पायनल कॉर्ड'ला मेरुरज्जू लिहिलंय. अडलंय ते 'सेकंडरी इंज्युरी', 'शॅम सर्जरी' आणि 'सॅक्रिफाइस' या तीन ठिकाणी. मूळ इंग्रजी मजकुरात प्रत्येक पानावर आहेत.

पंचवटीहून :

मेरुरज्जू योग्य. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात तोच आहे. काही जण मज्जारज्जू लिहितात, पण मज्जा म्हटलं की अर्ध्या लोकांना हाडातली अस्थिमज्जा आठवते आणि उरलेल्या अर्ध्यांना धमाल. 'पाठीचा कणा' मात्र तिथे अजिबात नको. कणा हाडांचा, रज्जू त्याच्या आत. (नाशकात कणा शब्द काढला की कोणीतरी कविता म्हणायला लागतंच, ती इथे नको.) मी वर्गात मण्यांच्या माळेचा दाखला द्यायचो. मणके म्हणजे मणी, मेरुरज्जू म्हणजे आतला दोरा.

नाशिकरोडहून :

सर, दाखला छान आहे, पण त्यानेच घोटाळा होतो. मी फिजिओथेरपी करते. दोरा म्हटलं की घरचे विचारतात, "तुटलाय का? मग गाठ मारा." बहुतेक पेशंटमध्ये रज्जूचे दोन तुकडे झालेले नसतात. मणका मोडून आत दबतो आणि रज्जू ठेचला जातो. आपल्याकडे याला तयार शब्द आहे, मुका मार. कातडी फाटलेली नाही, रक्त दिसत नाही, पण आत नासलंय. 'कंटूजन'ला पुस्तिकेत 'मेरुरज्जूला बसलेला मुका मार' असं बिनधास्त लिहा, द्राक्षबागेतल्या मजुरालाही कळेल.

आणि ताई, 'अधरांगघात' एकदाच लिहून सोडून द्या. लोक तो अर्धांगवायूच वाचतात. 'कमरेखाली लुळं पडणं' पुरे.

म्हसरूळहून :

मी औषधशास्त्राचा पीजी विद्यार्थी. प्रयोगातही हा मुका मारच मोजून देतात. १९११ मध्ये अ‍ॅलन या अमेरिकन डॉक्टरने कुत्र्यांचा मेरुरज्जू उघडा करून त्यावर ठरावीक उंचीवरून वजन सोडलं, तिथून ही पद्धत सुरू झाली. पुढे रॅटसाठी जे यंत्र रूढ झालं त्यात १० ग्रॅमची दांडी १२.५ किंवा २५ मिलिमीटरवरून पडते. उंची ठरली की इजा ठरली.

'सेकंडरी इंज्युरी' म्हणजे दांडी पडल्यावर पुढचे काही तास, काही दिवस आत जे चालतं ते. सूज येते, रक्तपुरवठा कमी होतो, मेलेल्या पेशींतून सांडलेली रसायनं शेजारच्या धडधाकट पेशींना मारतात. औषधांच्या चाचण्यांचा मोठा भाग या टप्प्यासाठी असतो, कारण दांडी पडली तो क्षण कुठल्याच औषधाला परत आणता येत नाही. आमच्या मराठी टिपणांत याला 'दुय्यम इजा' लिहितात.

पंचवटीहून :

'दुय्यम' नको! दुय्यम म्हणजे मराठीत खालच्या दर्जाचा. दुय्यम निबंधक, दुय्यम भूमिका. वाचणारा समजेल की ही इजा किरकोळ आहे, तिच्याकडे लक्ष दिलं नाही तरी चालेल. तुम्ही सांगताय ते तर नेमकं उलट. 'इजा चिघळते' म्हटलं तर?

नाशिकरोडहून :

चिघळण्यात पू आला, सर. तसं लिहिलंत तर उद्या कोणी हळद लावेल.

इंदिरानगरहून :

'मागाहून वाढणारी इजा' असं करू? पहिलीला 'मार बसतानाची इजा' आणि दुसरीला 'मागाहून वाढणारी'.

म्हसरूळहून :

एकदम बरोबर. त्यातून वेळेचं महत्त्वही आपोआप कळतं. मेथिलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची गोष्ट घाला. किलोमागे ३० मिलिग्रॅमचा पहिला डोस मांजरांवरच्या प्रयोगांतून पुढे आला, आणि १९९० साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीनंतर मार बसल्यापासून ८ तासांच्या आत ते द्यायची पद्धत जगभर पसरली. मग लोकांनी तेच आकडे पुन्हा तपासले. फायदा थोडका आणि वादग्रस्त, उलट जंतुसंसर्ग आणि पोटातल्या रक्तस्रावाची भीती. २०१३ मध्ये तिथल्याच न्यूरोसर्जनांच्या मार्गदर्शक सूचनांनी ते देऊ नका म्हटलं.

यात फसवाफसवी नव्हती. प्रयोगशाळेत सगळे प्राणी एका वाणाचे, एका वजनाचे, सगळ्यांना एकाच जागी एकसारखा मार, आणि औषध बऱ्याचदा काही मिनिटांत. सुरगाण्याकडे विहिरीत पडलेला माणूस आधी बाजेवर, मग जीपमध्ये, मग नाशकात. मार कुठे, किती, सोबत अजून काय मोडलंय, प्रत्येकाचं निराळं.

सिडकोहून :

मी एका फार्मसी कॉलेजच्या अ‍ॅनिमल हाउसमध्ये काही वर्षं काम केलं. 'शॅम'बद्दल सांगतो. प्रयोगात तुलनेसाठी हा एक वेगळा गट ठेवतात. त्या गटातल्या उंदरालाही भूल देतात, पाठ उघडतात, मणक्याचं वरचं हाड काढतात. फक्त दांडी सोडत नाहीत. मग टाके. म्हणजे शस्त्रक्रिया खोटी नाही, त्याची पाठ खरीच फाडलेली असते. रज्जूला बसलेल्या माराचा परिणाम कुठला आणि चिरफाडीचा कुठला, हे वेगळं करायला तो गट लागतो.

पंचवटीहून :

म्हणजे 'नकली' बाद. 'तोतया' माणसाला म्हणतात. मी 'लुटुपुटूची शस्त्रक्रिया' सुचवणार होतो, पण आता तुमचं वाचून लाज वाटली.

सिडकोहून :

आम्ही आपसात 'नुसते उघडून शिवलेले' म्हणायचो.

इंदिरानगरहून :

घेतलं! 'नुसता उघडून शिवलेला गट'. याहून सरळ काय असणार?

सिडकोहून :

अजून एक. पुस्तिकेत 'उंदीर' सरसकट लिहू नका. मराठीत मोठा रॅटही उंदीर आणि चिमुकला माऊसही उंदीर, आणि घूस म्हणावं तर तो तिसराच प्राणी. इथे फरक मोठा आहे. रॅटच्या रज्जूत मार बसल्या जागी पोकळी तयार होते, माणसासारखी. माऊसच्या रज्जूत पोकळी न होता ती जागा तंतुमय ऊतीने भरून येते. एकात चाललेलं औषध दुसऱ्यात चालेलच असं नाही.

आणि हे प्राणी नुसते पिंजऱ्यात ठेवून भागत नाही. मागचं अंग गेलं की लघवी अडते. दिवसातून दोन-तीनदा हातात घेऊन, बोटांनी ओटीपोट हलकेच दाबून ती काढावी लागते. रविवारी, दिवाळीत, कधीही. म्हणून बऱ्याच ठिकाणी माद्या घेतात, त्यांचा मूत्रमार्ग आखूड असतो, लघवी सुटायला सोपं. पेशंटच्या घरच्यांना हे सांगा, त्यांना लगेच कळेल. कॅथेटर त्यांच्याही घरी असतो.

इंदिरानगरहून :

आता 'सॅक्रिफाइस', म्हणजे चाचणी संपल्यावर प्राणी मारणं. मी पहिल्या खर्ड्यात 'बळी दिला' लिहिलं आणि माझंच मन मला खाऊ लागलं.

पंचवटीहून :

आपल्याकडे बळी म्हटलं की सप्तशृंग गड आणि दसऱ्याचा बोकड. बळी देवाला देतात, त्यामागे नवस असतो. इथे देव कोण?

म्हसरूळहून :

शोधनिबंधांत हल्ली 'युथनेशिया' लिहितात, त्याला 'दयामरण' म्हणता येईल.

सिडकोहून :

दया कुणाची? चाचणी संपली, आता रज्जूचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचेत म्हणून मारतो आपण. तो प्राणी आजारी पडून तडफडत असेल आणि म्हणून मारला, तर दयामरण म्हणा. दोन्हीला एकच गोड शब्द लावला तर मला पटत नाही. मी रोज लघवी काढलेले प्राणी होते ते.

म्हसरूळहून :

मान्य, दादा. गंमत म्हणजे १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या इंग्रजी मजकुरात याहून कोरडा शब्द आहे, 'डिस्ट्रॉइड'. प्रयोगात इतकी इजा झाली की शुद्धीवर आल्यावर प्राण्याला फार यातना होतील, तर बेशुद्ध असतानाच त्याला 'नष्ट' करावं, असा अर्थ. एक्स्पायरी झालेल्या गोळ्या नष्ट करतात तसं.

इंदिरानगरहून :

मग मी 'भूल देऊन मारले' लिहिते. 'बळी', 'दया', 'नष्ट', काहीच नको.

नाशिकरोडहून :

चालेल. आता जो शब्द माझा रोजचा दिवस खातो त्याकडे या, 'चालू लागले'. रॅटची चाल मोजायची ० ते २१ गुणांची पट्टी आहे, १९९५ पासून वापरात. ० म्हणजे मागचे पाय अजिबात हलत नाहीत, २१ म्हणजे ठणठणीत. औषध दिलेला गट दहा-अकरावर आणि न दिलेला आठवर राहिला, तरी तो संशोधकांच्या दृष्टीने मोठा फरक. दहाचा अर्थ एवढाच, की तळवा टेकून, अंगाचा भार घेऊन कधीतरी एखादं पाऊल पडतं. बातमी त्यालाच 'चालू लागले' म्हणते. आणि चार पायांच्या प्राण्याचे पुढचे दोन पाय शाबूत असतात, हे कोणी सांगतच नाही. आमचा पेशंट ते वाचून वॉकर फेकायला निघतो.

पंचवटीहून :

'पाऊल टाकू लागले'?

नाशिकरोडहून :

त्यातही बाळ चालायला लागल्याचा आनंद आहे, सर. बाळ पुढे पळतं. हे बरेचदा तिथेच थांबतात.

इंदिरानगरहून :

असं केलं तर : 'औषध न दिलेल्या रॅटपेक्षा औषध दिलेल्या रॅटचे मागचे पाय जास्त हलू लागले, काहींनी मधूनमधून अंगाचा भारही घेतला.' लांब आहे, पण बातमीच्या मथळ्याशेजारीच चौकटीत छापेन. 'बरे झाले' हा शब्द आठही पानांतून काढलाय, जिथे तिथे 'सुधारणा' केलीय.

नाशिकरोडहून :

चौकट मोठ्या अक्षरात घ्या. छापून आली की वीस प्रती इकडे पाठवा, येऊन घेऊन जाईन म्हटलं तरी चालेल.