शब्दचर्चा: ‘दुखायलंय’, ‘उचलवत नाही’ आणि ‘अंगावर काढलं’

सेलूची सून:
नमस्कार मंडळी. प्रश्न दुखण्याचा आहे, पण घोडं अडलंय शब्दांपाशी, म्हणून इथं विचारते.

माझं कमरेचं दुखणं जुनं आहे. डॉक्टरांच्या भाषेत मणक्याची गादी सरकलीय, गल्लीच्या भाषेत ‘गॅप पडलाय’. थोरला चौथीत, धाकटी अंगणवाडीत. दुखण्यापायी लेकरांवर उठसूट वसकते, म्हणून फोनवरून समुपदेशन सुरू केलंय. मॅडम पुण्याच्या, बोलायला मोकळ्या. मागच्या वेळी मी म्हणाले, “कंबर दुखायलीय, धाकटीला उचलवत नाही, लई दिवस अंगावर काढलं.” शेवटी त्या आपलं टिपण वाचून दाखवतात. त्यात निघालं: कंबरदुखी नुकतीच सुरू, मुलीला उचलून घेत नाही, उपचार टाळले. वाक्यं माझीच, पण मलाच ओळखू येईनात.

पुढच्या वेळी पुस्तकी बोलू का? पण ‘वेदना होतात’ म्हणायला गेलं की दुसऱ्याच कुणाचं तरी सांगतेय असं वाटतं.

उदगीरकर गुरुजी:
ताई, पुस्तकी बोलू नका. पहिल्या वाक्याचा उलगडा सोपा आहे. आपल्याकडं मराठवाड्यात ‘पाऊस यायलाय’, ‘भाकरी करायलीय’, ‘कंबर दुखायलीय’ म्हणजे ती गोष्ट आत्ता, या घडीला चालू आहे. ती कधीपासून चालू आहे याबद्दल हे रूप काहीच बोलत नाही. पुण्याकडं मात्र ‘दुखायला’ ऐकलं की कानाला पुढच्या ‘लागली’ची सवय असते. ‘दुखायला लागली’ म्हणजे सुरुवात झाली. बाईंनी तो ‘लागली’ मनानंच भरून घेतला असणार.

उपाय एवढाच की काळ वेगळा सांगायचा. “धाकटीच्या बाळंतपणापासून दुखते, आणि आत्ता बोलतानाही दुखायलीय.” पहिल्या अर्ध्यात जुनेपणा, दुसऱ्यात चालूपणा. असं दोन तुकड्यांत बोललं की पुणंच काय, मुंबईलाही कळतं.

परभणीकर (मुक्काम पुणे):
गुरुजींना दुजोरा. माझ्या ऑफिसात मी “डोकं दुखायलंय” म्हणाले की लोक म्हणतात, “अरेरे, कधीपासून?” पहिली दोन वर्षं मला वाटायचं की पुणेकर फारच आपुलकीनं चौकशी करतात.

लातूरची समुपदेशक:
मी याच कामात आहे, म्हणून थोडं लांबवर लिहिते.

‘नुकतीच’ आणि ‘जुनी’ यातला फरक आमच्यासाठी मोठा आहे. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या किंवा पुन्हा पुन्हा उठणाऱ्या वेदनेला जुनाट म्हणतात, आणि २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत तिला स्वतःची वेगळी जागा आहे. नव्या दुखण्यात आम्ही धीर देतो, बरं होईपर्यंतचा काळ कसा काढायचा ते बघतो. जुन्या दुखण्यात प्रश्नच बदलतो. हे दुखणं घरात धरूनच दिवस कसा लावायचा, लेकरांचं कोणतं काम तुम्ही करायचं आणि कोणतं दुसऱ्यावर सोपवायचं, यावर बोलणं होतं. त्यामुळे टिपण वाचलं जात असताना तिथंच थांबवा आणि “मॅडम, हे असं नाही” म्हणा. त्यात उद्धटपणा काही नाही. वाचून दाखवायचं कारणच ते.

आता ‘उचलवत नाही’. ‘उचलत नाही’ म्हणजे मी ते करत नाही, तो माझा निर्णय किंवा सवय. ‘उचलवत नाही’ म्हणजे करायचं आहे, पण होत नाही. टिपणात एक ‘व’ गळाला आणि आईची असमर्थता तिची अनिच्छा होऊन बसली. पण खरी गोम पुढं आहे. ‘पायऱ्या चढवत नाहीत’ हे अंगाचं. ‘त्याचं रडणं ऐकवत नाही’ हे मनाचं. रूप दोन्हीकडं तेच. मग ‘धाकटीला उचलवत नाही’ हे कुठलं? कंबर साथ देत नाही, की दिवसभराच्या ठणक्यानं ‘घे’ म्हणणाऱ्या लेकराचा हातही अंगाला नकोसा होतो? माझ्याकडं येणाऱ्या आया पहिलं सांगतात, दुसरं गिळतात. दोन्ही खरं असू शकतं, आणि दुसरं बोललात म्हणून तुमची माया कमी ठरत नाही.

उदगीरकर गुरुजी:
व्याकरणात याला शक्य क्रियापद म्हणतात. जुनी माणसं ‘माझ्याच्यानं उचलवत नाही’ असंही म्हणतात. मॅडम, शरीर आणि मन दोन्हीकडं एकच रूप चालतं हे मी वर्गात शिकवत आलो, पण त्याची कुणाला औषधासारखी गरज पडेल असं वाटलं नव्हतं.

बीडचा बाप:
बायांचं बोलणं तरी होतंय. मला आमवात आहे, बोटं सकाळी मिटत नाहीत. पोराच्या शर्टाची गुंडी लावता लावता शाळेची गाडी निघून जाते. कुणी विचारलं की आम्ही म्हणणार, “काही नाही, जरा अंग मोडून आलंय.” आमच्यात गड्यानं ‘दुखतंय’ म्हणायचं नसतं, ‘धरलंय’ म्हणायचं. पाठ धरली, मान धरली. जसं काय दुसऱ्यानंच येऊन धरली!

माझा प्रश्न आकड्याचा. समुपदेशक विचारतात, शून्य ते दहामध्ये किती? मला ते जमेना. मग मी आण्यांत सांगायला लागलो. आज चार आणे, काल बारा आणे. सोळा आणे म्हणजे गुंडी सोडा, चहाचा कपही धरवत नाही. त्यांना पटलं. वहीच्या कोपऱ्यात त्यांनी कोष्टकच मांडून घेतलंय.

उदगीरकर गुरुजी:
उत्तम. रुपयाचे सोळा आणे १९५७ साली व्यवहारातून गेले, तोंडातून गेले नाहीत. पीक किती आलं ते मोजायची आणेवारी पुढं पैसेवारी झाली तरी गावात दोन्ही शब्द चालतात. फक्त एक ध्यानात ठेवा, पिकाचे आणे घटले की संकट, दुखण्याचे आणे वाढले की संकट. तुमच्या समुपदेशक शेतकऱ्याच्या घरातल्या असतील तर पहिल्या दिवशीच हे स्पष्ट करून घ्या.

लातूरची समुपदेशक:
आकड्यापेक्षा मला शब्द जास्त उपयोगी पडतात. रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातून वेदनेची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात ७८ शब्द २० गटांत लावलेले आहेत. काही गट दुखणं कसं आहे ते सांगतात: ठणकणारं, भोसकणारं, भाजणारं. काही गट ते दुखणं माणसाचं काय करतं ते सांगतात: थकवणारं, भीती घालणारं, छळणारं. आपल्याकडं पहिल्या जातीचे शब्द उदंड आहेत. ठणका, कळ, चमक, ठसठस, झिणझिण्या, आग, सल. ते डॉक्टरांना सांगाच. समुपदेशकाला दुसऱ्या जातीचे हवे असतात, आणि तिथं मराठवाड्याचा ‘बेजार’ कामाचा आहे. ‘दुखून दुखून बेजार झाले’ यात दमणं, विटणं, हात टेकणं सगळं येतं.

एक सांगते. ‘जीव नकोसा झालाय’ आपण भाजी महाग झाली तरी म्हणतो. पण बैठकीत म्हणालात तर समुपदेशक सरळ विचारणार, “मरून जावंसं वाटतं का?” त्याचा राग धरू नका. बोलायची पद्धत असेल तर तसं सांगा. खरंच वाटत असेल तर तेही तितक्याच सरळ सांगा. अशी वेळ रात्री-अपरात्री आली तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या आरोग्यासाठी फोनवरून मदत देणाऱ्या सेवेचा, सरकारी क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. तो चोवीस तास आणि फुकट चालतो, आणि मराठीत बोलता येतं.

सेलूची सून:
मॅडम, ‘उचलवत नाही’चं तुम्ही बरोबर पकडलंत. दोन्ही आहे.

आता तिसरं, ‘अंगावर काढलं’. याला टाळाटाळ म्हणायचं का हो? मला तर त्यात सोसणं दिसतं.

परभणीकर (मुक्काम पुणे):
डॉक्टरच्या तोंडी ती टाळाटाळच असते: “इतके दिवस अंगावर का काढलं?” आजीच्या तोंडी कौतुक असतं: “तिनं सगळं अंगावर काढलं, पण हूं की चूं केलं नाही.” मला दोन्ही अर्थ पटत नाहीत. सोयाबीनची काढणी चालू होती, घरात तान्हं होतं, परभणीला जायचं तर लेकरापाशी बसायला माणूस नव्हतं, अशी असतात खरी कारणं. या वाक्प्रचारात त्यांना जागाच नाही. म्हणून ‘म्हणून’ वापरायचं. “काढणी होती म्हणून अंगावर काढलं.” पुढच्या वेळी दुखणं वाढलं तर लेकरापाशी कोण बसणार, यावर मग मॅडमशी बोलता येईल.

बीडचा बाप:
सूनबाई, राग मानू नका. वर तुम्ही ‘वसकते’ लिहिलंय. आमच्याकडं वसकणं म्हणजे नुसतं अंगावर ओरडणं. तुमच्याकडं?

सेलूची सून:
आमच्याकडंही तेच. पण सांगताना मी ‘रागावते’ म्हणते, आणि ‘रागावते’च्या पोटात काय काय बसतं ते मलाच ठाऊक. ‘धपाटा’ हा शब्द जिभेवर येतो आणि मागं जातो. फोनवर बोलते तेव्हा सासूबाई पडवीत गहू निवडत असतात. आणि भीतीही वाटते, लिहून घेतलं आणि कुठं गेलं तर?

लातूरची समुपदेशक:
डाफरणं, वसकणं, खेकसणं, तोंड टाकणं, धपाटा घालणं. या पायऱ्या सारख्या नाहीत आणि ‘रागावते’ या एका शब्दात त्या आम्हाला दिसत नाहीत. कोणत्या पायरीवर आहात, आणि त्या वेळी दुखणं किती आणे होतं, एवढं कळलं तरी संध्याकाळची वेळ सांभाळायची की गोळीची वेळ बदलायला डॉक्टरांशी बोलायचं, हे ठरवता येतं.

गोपनीयतेचं म्हणाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २३ मध्ये तो हक्क दिलेला आहे. त्याला अपवाद आहेत. कुणाला इजा होण्यापासून वाचवायचं असेल किंवा जिवाला धोका असेल तर गरजेपुरती माहिती सांगता येते. तुमच्या मॅडम स्वतः काय नियम पाळतात, कशाची नोंद ठेवतात, ती कुठं राहते, हे त्यांनाच सरळ विचारा. हा प्रश्न विचारायला बैठक संपत आलेली चालते, पण विचाराच.

सासूबाईंचं: एक वाक्य ठरवून ठेवा. माझ्याकडच्या एक ताई म्हणतात, “दळणाचं नंतर बघू.” ते ऐकलं की मी हो किंवा नाही एवढंच उत्तर लागेल असे प्रश्न विचारते. फारच अडचण असेल तर आधी लिहून पाठवा आणि फोनवर फक्त “तिसरं वाचलं का?” म्हणा.

सेलूची सून:
दळणाचं आवडलं. शेवटचं विचारते. दुखणं एरवी मंद असतं आणि मधूनच भडकतं. त्या दिवशी लेकरांना काय सांगावं? ‘उलटलं’ म्हणू?

उदगीरकर गुरुजी:
नको. ‘उलटणं’ म्हणजे बरं होत आलेलं दुखणं परत फिरणं. तुमचं गेलेलंच नाही. ‘दुखण्यानं उचल खाल्ली’ हे नेमकं. थोडक्यात ‘उठलंय’.

परभणीकर (मुक्काम पुणे):
गुरुजी, थोरल्याला चालेल. धाकटीला ‘उठलंय’ सांगू नका. तिच्या लेखी गांधी उठतात, पुरळ उठतं. माझी भाची ते ऐकून आईचा पदर बाजूला करून पाठ बघत होती, काही दिसेना म्हणून आईलाच खोटं पाडलं!

लातूरची समुपदेशक:
अंगणवाडीतल्या लेकराला दुखण्याचं नाव नसलं तरी चालतं, आज काय करायचं तेवढं सांगा. “आज कडेवर नाही, मांडीवर बसायचं.” आणि “तुझ्यामुळं दुखत नाही” हेही म्हणा, न विचारता. या वयाची लेकरं आईचं दुखणं आपल्याच माथी घेतात.

सेलूची सून:
मांडी घालवत नाही मॅडम, अंगानंच. खाटेवर शेजारी निजून गोष्ट सांगता येते, ते सांगते. थोरल्यासाठी ‘उचल खाल्ली’ घेतलं. टिपणातली तिन्ही वाक्यं लिहून काढलीत, उद्याच पाठवते.