जुन्या शहरात नवरात्र सोडलं तर काहीच होत नाही?

वर एकांनी लिहिलंय की बडोद्यात गरबे संपले की जुन्या शहरातल्या मांडवी-रावपुऱ्याकडे कलेसाठी जायचं काही कारणच उरत नाही, सगळं नव्या भागात, अलकापुरीकडे गेलं. कार्यक्रमांपुरतं थोडंफार पटतं, पण कारणच नाही हे अजिबात नाही पटत हो. रावपुऱ्यातला तांबेकरवाडा कोणी आतून बघितलाय का? भाऊ तांबेकर 1849 ते 1854 बडोद्याचे दिवाण होते, त्यांचं हे घर, आणि आत भिंतीच्या भिंती मराठा शैलीच्या चित्रांनी भरल्यात, रामायण, कृष्णलीला, अगदी इंग्रज-मराठा लढाईसुद्धा.

मी गेल्या पावसाळ्यात आईला घेऊन गेले होते, लाकडी जिना चढताना ती कुरकुरत होती पण वर कृष्णाच्या चित्रांसमोर जी उभी राहिली ती हलेचना, नाकाजवळ चष्मा धरून एकेका गोपीचे दागिने बघत होती. तिथून सूरसागर तलाव जवळच, समोर सयाजीरावांनी 1886 मध्ये गवई मौलाबक्षांच्या हाताखाली सुरू केलेली गायनशाळा, आता विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी. संध्याकाळी बाहेर नुसतं उभं राहिलात तरी आतून तबल्याचा रियाज ऐकू येतो, मुलांना घेऊन एकदा जाच.