डच सामासिक शब्द: अक्षरे कुठे तोडावीत, आघात कुठे द्यावा?

प्रश्न
डच शिकताना लांबलचक सामासिक शब्दांपाशी माझी गाडी अडते. मराठीत ‘देव’ आणि ‘आलय’ यांचा संधी झाला की आपण दे-वा-लय म्हणतो, मधला सांधा ऐकूही येत नाही. डचमध्ये मात्र ‘हांड’ (हात) आणि ‘आपल’ (सफरचंद) यांचा समास ‘हांडापल’ न होता ‘हांट-आपल’ असा का उच्चारतात? आणि आघात (उच्चारातला जोर) कोणत्या पदावर द्यायचा?

उत्तर १
डचमध्ये दोन पदांमधला सांधा हीच अक्षराचीही सीमा असते. अक्षराच्या शेवटी ‘ड’, ‘ब’ यांसारखी घोष व्यंजने तेथे टिकत नाहीत, त्यामुळे सांध्यापाशी ‘ड’चा ‘ट’ होतो. याउलट ‘हांडन’ या अनेकवचनात पुढे स्वतंत्र शब्द नसून नुसता प्रत्यय असल्याने ‘ड’ पुढच्या अक्षरात जातो आणि शाबूत राहतो. छपाईत ओळीच्या शेवटी शब्द तोडतानाही आधी सांधाच पाहतात. ‘क्वार्टस्लाखन’ हा शब्द क्वार्ट-स्लाखन असा तोडला तर पाव-पाव वळणे, आणि क्वार्ट्स-लाखन असा तोडला तर क्वार्ट्‌झ खनिजाचे थर! आघात दोन्हींत पहिल्याच अक्षरावर असतो. म्हणजे अर्थाचा सारा भार तोडणीवर.

उत्तर २
वरील उत्तराला जोडून आघाताविषयी लिहितो. सामासिक नामात मुख्य आघात बहुधा पहिल्या पदावर येतो, पण त्या पदाच्या पहिल्या अक्षरावर येतोच असे नाही. ते पद सुटे असताना आघात जिथे असतो, तिथेच तो समासातही राहतो. ‘मासा’ (जनसमुदाय) आणि ‘खबेट’ (प्रार्थना) मिळून होणारी सामूहिक प्रार्थना, आणि ‘मासाझ’ व ‘बेट’ मिळून होणारा मालिशचा पलंग, हे दोन्ही शब्द रोमन लिपीत हुबेहूब एकसारखे लिहितात आणि ओळीच्या शेवटी तोडायच्या जागाही त्याच असतात. बोलताना मात्र पहिल्यात आघात ‘मा’वर, तर दुसऱ्यात ‘सा’वर पडतो. येथे तोडणीचे नियम पाठ करून काहीच हाती लागत नाही.

उत्तर ३
अपवादही ध्यानात असू द्यावेत. ‘स्टाटहाउस’ (नगरपालिकेची इमारत) या शब्दात आघात दुसऱ्या पदावर आहे. आम्स्टल आणि रोटं या नद्यांवरील बांधांवरून पडलेल्या आम्स्टरडाम, रोटरडाम या नावांतही तो शेवटच्या ‘डाम’वरच येतो, आपण मराठीत ही नावे कशीही उच्चारत असलो तरी. अशा शब्दांपुरता शब्दकोश उघडून आघाताची खूण पाहणेच बरे.